स्प्रेडशीटमधील दुव्यातून फाइल न उघडणे

स्प्रेडशीटमधील दुव्यातून फाइल न उघडणे हा मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क, गूगल शीट्स यांसारख्या आज्ञावली वापरताना वारंवार आढळणारा दोष आहे. सेलमध्ये घातलेल्या दुव्यावर, म्हणजेच हायपरलिंकवर, टिचकी मारली असता काही फाइली उघडतात आणि काही उघडत नाहीत. पुष्कळदा एकाच फोल्डरमधील वर्कबुके उघडतात, पण पीडीएफ, छायाचित्रे, एचटीएमएल पाने किंवा आराखड्यांच्या फाइली उघडत नाहीत. अशा वेळी दोष स्प्रेडशीटचाच आहे असा समज होतो. प्रत्यक्षात स्प्रेडशीट बहुतेक फाइली स्वतः उघडतच नाही. ती केवळ पत्ता पुढे सोपवते. पत्ता, सुरक्षा-तपासणी, संचालन प्रणाली आणि फाइल उघडणारा प्रोग्रॅम या चार टप्प्यांपैकी कोठेही साखळी तुटू शकते. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी ती कोठे तुटली आहे हे शोधणे आवश्यक ठरते. या लेखातील विवेचन मुख्यतः विंडोजवरील एक्सेलविषयी आहे. इतर आज्ञावलींतील वेगळेपण शेवटी दिले आहे.

दुव्याचे कार्य

एक्सेलमध्ये दुवा दोन प्रकारे तयार होतो. पहिल्या प्रकारात कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीतून फाइल निवडली जाते. दुसऱ्या प्रकारात हायपरलिंक या नावाचे फंक्शन सूत्रात वापरले जाते. वरून दोन्ही सारखेच निळे आणि अधोरेखित दिसत असले तरी त्यांची साठवण वेगवेगळी असते. एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात झिप पद्धतीने बांधलेली अनेक एक्सएमएल फाइलींची थैली असते. चौकटीतून घातलेल्या दुव्याचा पत्ता त्या थैलीतील, पत्रकाशी संलग्न असलेल्या एका स्वतंत्र यादीत नोंदला जातो. सूत्रातील पत्ता मात्र सूत्राचाच भाग म्हणून सेलमध्ये राहतो. हा फरक पुढे दुरुस्तीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

टिचकी मारल्यावर दुवा एक्सेल वर्कबुकाचा असेल, तर एक्सेल ते स्वतः उघडते. इतर प्रकारची फाइल असेल तर पत्ता विंडोजकडे सोपवला जातो. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे टिंबानंतरचे विस्तारनाम, पाहते आणि त्या विस्तारनामासाठी नोंदलेला प्रोग्रॅम सुरू करते. फाइलच्या आत काय आहे हे या टप्प्यावर पाहिले जात नाही. ‘वर्कबुके उघडतात पण पीडीएफ उघडत नाही’ या तक्रारीचा उगम येथे आहे, कारण पहिल्या कामात विंडोजचा निर्णय लागतच नाही आणि दुसरे पूर्णपणे त्यावर अवलंबून असते.

दोषाचे स्थान ओळखणे

सर्वांत उपयुक्त चाचणी म्हणजे एक्सेलला बाजूला ठेवून तीच फाइल फोल्डरमधून दोनदा टिचकी मारून उघडणे. तेथेही ती उघडत नसेल, तर दुव्यात काहीही बदलण्याचे कारण नाही. दोष विस्तारनामाच्या जोडणीत किंवा खुद्द फाइलमध्ये असतो. फोल्डरमधून उघडत असेल, तर दुव्यातील पत्ता जसाच्या तसा नकलून विंडोज आणि आर या कळांनी उघडणाऱ्या ‘रन’ चौकटीत टाकावा. तेथे पत्ता सापडत नसेल तर पत्ताच चुकीचा आहे. तेथून उघडत असेल तर अडथळा एक्सेल किंवा ऑफिसच्या पातळीवर आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुवा सापेक्ष पद्धतीने लिहिलेला असेल, तर ‘रन’ चौकटीला तो कोणत्या फोल्डरपासून मोजायचा हे कळत नाही. म्हणून या चाचणीसाठी ड्राइव्हपासूनचा संपूर्ण पत्ता द्यावा.

दुसरी चाचणी तुलनेची आहे. न उघडणाऱ्या फाइलीशेजारी त्याच प्रकारची, साध्या व छोट्या नावाची दुसरी फाइल ठेवून तिचा नवा दुवा करावा. नवा दुवा चालला तर फाइलप्रकार निर्दोष ठरतो आणि संशय जुन्या नावावर किंवा पत्त्यावर जातो. या दोन चाचण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या न करता शेकडो दुवे पुन्हा घालत बसण्याचा उद्योग मात्र अनेक कार्यालयांत दिवसभर चालतो.

विस्तारनाम आणि प्रोग्रॅम यांची जोडणी

कोणत्या विस्तारनामाची फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडावी याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत असते. ही नोंद तीन प्रकारे बिघडलेली आढळते. एक, त्या प्रकारासाठी प्रोग्रॅमच बसवलेला नसतो. आराखड्यांच्या डीडब्ल्यूजी फाइली ज्या संगणकावर तयार झाल्या तेथे दुव्यातून सहज उघडतात. वर्कबुक लेखा विभागातील संगणकावर गेले की उघडत नाहीत. आयफोनवर २०१७ पासून वापरल्या जाणाऱ्या एचईआयसी छायाचित्रांबाबतही विंडोजवर हाच अनुभव येतो. त्यासाठी वेगळा पूरक घटक बसवावा लागतो. दोन, प्रोग्रॅम काढून टाकलेला असतो पण नोंद तशीच उरते. तीन, नोंद दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळलेली असते. विंडोज ८ पासून वापरकर्त्याची निवड एका पडताळणी-संकेतासह साठवली जाते. एखाद्या आज्ञावलीने ती नोंद परस्पर बदलली आणि संकेत जुळला नाही, तर विंडोज ती निवड रद्द करून मूळ प्रोग्रॅमकडे परत जाते. पीडीएफ फाइली अचानक वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडू लागण्यामागे हे एक कारण असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाबतींत उपाय एकच आहे: फाइलवर उजवी टिचकी मारून ‘ओपन विथ’मधून योग्य प्रोग्रॅम निवडणे आणि तो नेहमीसाठी ठरवणे.

यांपैकी दुसऱ्या प्रकारातून उद्भवणारा एक संदेश विशेष दिशाभूल करणारा आहे. एचटीएमएल फाइलीच्या किंवा संकेतस्थळाच्या दुव्यावर टिचकी मारली असता ‘या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द करण्यात आली आहे, आपल्या सिस्टिम प्रशासकाशी संपर्क साधा’ अशा आशयाची सूचना येते. घरच्या संगणकावर, जेथे कोणी प्रशासक नाही आणि कोणी निर्बंध लावलेले नाहीत, तेथेही ती येते. बहुतेकदा कारण इतकेच असते, की एखादा ब्राउझर काढून टाकला गेला, पण एचटीएम आणि एचटीएमएल या विस्तारनामांची नोंद अजून त्या नसलेल्या ब्राउझरकडे बोट दाखवत असते. उपलब्ध ब्राउझर पुन्हा मुख्य ब्राउझर म्हणून ठरवल्यावर आणि या दोन्ही विस्तारनामांची जोडणी त्याच्याशी केल्यावर संदेश नाहीसा होतो.

विस्तारनामाशी निगडित आणखी एक घोटाळा विंडोजच्या सवयीतून निर्माण होतो. विंडोज परिचित प्रकारांची विस्तारनामे मूळ रचनेत लपवून ठेवते. फाइलचे नाव बदलताना वापरकर्ता ‘अहवाल.पीडीएफ’ असे लिहितो. प्रत्यक्षात ती ‘अहवाल.पीडीएफ.पीडीएफ’ होते. हाताने लिहिलेला दुवा अर्थातच पहिल्या नावाचा शोध घेतो आणि त्याला फाइल सापडत नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये विस्तारनामे दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवणे हा यावरचा उपाय आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही तो इष्ट आहे. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आयलव्हयू’ या संगणकीय कृमीची फाइल याच लपवाछपवीचा लाभ घेत होती: शेवटचे व्हीबीएस हे विस्तारनाम लपल्यामुळे ती साधी मजकुराची फाइल भासत असे.

कधी विस्तारनाम आणि आतील मजकूर यांचा मेळ नसतो. अनेक संकेतस्थळे ‘एक्सेलमध्ये उतरवा’ या बटणाखाली प्रत्यक्षात एचटीएमएल तक्ता एक्सएलएस या नावाने देतात. अशी फाइल दुव्यातून उघडताना स्वरूप आणि विस्तारनाम जुळत नसल्याचा इशारा येतो. फाइल एकदा उघडून एक्सएलएसएक्स म्हणून पुन्हा जतन केल्यास आणि दुवा नव्या फाइलकडे वळवल्यास इशारा येत नाही.

सुरक्षेसाठी घातलेले अडथळे

काही प्रकारच्या फाइली दुव्यातून न उघडणे हा दोष नसून हेतुपुरस्सर केलेली योजना असते. ईएक्सई, बॅट, व्हीबीएस यांसारख्या फाइली वाचण्यासाठी नसतात, त्या चालतात. त्या उघडणे म्हणजे संगणकाला आज्ञा देणे होय. म्हणून अशा दुव्यांवर ऑफिस इशारा देते आणि संस्थेच्या धोरणानुसार ते पूर्णपणे रोखलेही जातात. या काळजीची गरज लिबरऑफिसच्या उदाहरणावरून दिसते. विंडोज आणि मॅकओएसवरील लिबरऑफिसच्या ६.१.६ आणि ६.२.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत, दुव्याचे लक्ष्य चालणारी फाइल आहे की नाही हे पाहिलेच जात नव्हते. वापरकर्त्याने दुवा उघडताच ती फाइल चालवली जाई. २०१९ मध्ये ही त्रुटी सुरक्षा-त्रुटी म्हणून जाहीर करून दुरुस्त करण्यात आली. दुरुस्तीनंतर ज्यांचे असे दुवे बंद पडले त्यांना तो नवा दोष वाटणे स्वाभाविक होते.

आंतरजालावरून उतरवलेल्या फाइलींना विंडोज एक अदृश्य खूण जोडते. एनटीएफएस या साठवण-पद्धतीत ही खूण फाइलीसोबत, पण तिच्या मजकुराबाहेर राहते. खूण असलेली ऑफिस-फाइल संरक्षित दृश्यात उघडते; २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींतील मॅक्रो मूळ रचनेतच रोखण्यास सुरुवात केली. सीएचएम प्रकारच्या साहाय्य-फाइलींत याचा परिणाम अधिक गोंधळाचा असतो: फाइल उघडते, अनुक्रमणिका दिसते, पण उजवीकडची पाने कोरी राहतात. फाइल विश्वासार्ह असल्याची खात्री असल्यास तिच्या गुणधर्मांच्या चौकटीतील ‘अनब्लॉक’ हा पर्याय निवडून खूण काढता येते. एक्सेलच्या ट्रस्ट सेंटरमधील ‘फाइल ब्लॉक’ रचनेमुळेही जुन्या आवृत्त्यांतील वर्कबुके उघडण्यास नकार मिळू शकतो; तेथे संदेशात तसा स्पष्ट उल्लेख असतो.

रजिस्ट्रीत बदल करून दुव्यांचे सर्व इशारे कायमचे बंद करण्याचा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. त्याने न उघडणारी फाइल उघडू लागत नाही, कारण इशारा आणि अपयश या भिन्न गोष्टी आहेत. मात्र पुढे बाहेरून आलेल्या वर्कबुकातील घातक दुवाही विनाप्रश्न उघडतो. ज्या फोल्डरमधील फाइलींवर विश्वास आहे तेवढेच फोल्डर विश्वासू स्थान म्हणून नोंदवणे अधिक सुरक्षित आहे.

पत्त्यातील दोष

फाइलच्या नावातील ‘#’ हे चिन्ह दुव्याला हमखास अडवते. दुव्याच्या पत्त्यात या चिन्हापुढील भाग फाइलच्या आतील जागा दर्शवतो. वर्कबुकाच्या नावापुढे हे चिन्ह देऊन विशिष्ट पत्रक व सेल गाठता येतो. त्यामुळे ‘देयक #१२.पीडीएफ’ या नावाचा दुवा ‘देयक’ एवढ्याच नावाची, विस्तारनाम नसलेली फाइल शोधतो. फोल्डरमधून तीच फाइल निर्धोकपणे उघडते. फोल्डरच्या नावातील ‘#’ तर त्यातील सर्वच फाइली अडवतो. फाइलचे किंवा फोल्डरचे नाव बदलणे हाच खात्रीचा उपाय आहे. ‘%’ हे चिन्हही टाळावे, कारण पत्त्यात ते सांकेतिक अक्षरांचा आरंभ म्हणून वाचले जाऊ शकते. रिकाम्या जागेऐवजी पत्त्यात ‘%२०’ दिसते ते याच पद्धतीमुळे.

दुसरा मोठा दोष सापेक्ष पत्त्यांचा आहे. वर्कबुक आणि लक्ष्य-फाइल एकाच ड्राइव्हवर असल्यास एक्सेल पत्ता वर्कबुकाच्या स्थानापासून मोजून साठवते. यामुळे संपूर्ण फोल्डर दुसरीकडे हलवले तरी दुवे टिकतात. परंतु एकटे वर्कबुक हलवले, ईमेलने पाठवले किंवा थेट झिपमधून उघडले तर ते तुटतात. वीज गेल्यानंतर किंवा एक्सेल अचानक बंद पडल्यानंतर पुनर्प्राप्त झालेली प्रत जतन केली असता याचे तीव्र रूप दिसते. पुनर्प्राप्तीची प्रत वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असते आणि सर्व दुवे त्या फोल्डरपासून मोजले जाऊ लागतात. शेकडो दुव्यांचे पत्ते एकाच वेळी ‘ॲपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\एक्सेल’ या वाटेवर गेलेले पाहून फाइलीच नष्ट झाल्या अशी भीती वाटते. फाइली जागेवरच असतात. केवळ वाट बदललेली असते.

ही दुरुस्ती ‘शोधा आणि बदला’ या सोयीने होत नाही, कारण ती सेलमधील मजकूर व सूत्रे तपासते आणि चौकटीतून घातलेल्या दुव्यांचे पत्ते, वर सांगितल्याप्रमाणे, सेलबाहेर असतात. तेथे पत्रकातील प्रत्येक दुव्याच्या पत्त्यातील चुकीचा भाग बदलणारा छोटा मॅक्रो लागतो; तो चालवण्यापूर्वी वर्कबुकाची प्रत काढून ठेवावी. सूत्रातून केलेल्या दुव्यांना हा त्रास कमी होतो. मूळ फोल्डरचा पत्ता एका सेलमध्ये आणि फाइलींची नावे एका स्तंभात ठेवून, हायपरलिंक फंक्शनमध्ये दोन्ही ‘&’ चिन्हाने जोडल्यास फोल्डर बदलल्यावर एकच सेल बदलावा लागतो. मोठ्या याद्यांसाठी हीच रचना पसंत करावी. वर्कबुकाच्या प्रगत गुणधर्मांत ‘हायपरलिंक बेस’ ही नोंद असते. तेथे जुना पत्ता राहिल्यास सर्व सापेक्ष दुवे त्याच पत्त्यापासून मोजले जातात, म्हणून तीही पाहावी.

कार्यालयीन जाळ्यात ‘झेड’ सारखे अक्षर दिलेले ड्राइव्ह प्रत्येक संगणकावर सारखे असतीलच असे नाही. सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पत्ता दिल्यास हा प्रश्न येत नाही. एक्सेल प्रशासक म्हणून चालवले असतानाही ही ड्राइव्ह-अक्षरे त्याला दिसेनाशी होऊ शकतात.

लांबीच्या मर्यादाही आहेत. विंडोजमध्ये पत्त्याची परंपरागत मर्यादा २६० अक्षरांची, तर एक्सेल वर्कबुकासाठी फोल्डरांसह नावाची मर्यादा २१८ अक्षरांची आहे. सूत्रात अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. एका पत्रकात ६५,५३० पेक्षा अधिक दुवे राहू शकत नाहीत.

देवनागरी नावे

आधुनिक विंडोजमध्ये देवनागरी नावांच्या फाइली निर्वेधपणे वापरता येतात; तथापि मराठीत एक खास अडचण उद्भवते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील अर्धा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त, साधा र, त्याखाली नुक्ता व हलन्त, अथवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर हे तिन्ही एकसारखे दिसतात. एनटीएफएस मात्र नावांची तुलना दृश्य रूपावरून नव्हे, तर संकेतांकांवरून करते आणि त्यांना तीन वेगळी नावे मानते. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्या कळीसोबत शिफ्ट दाबल्यास ‘ऱ’ मिळतो; इतर टंकन-साधने दुसरा प्रकार निवडू शकतात. फाइलचे नाव एकाने आणि दुव्याचे सूत्र दुसऱ्याने लिहिले असल्यास, डोळ्यांना अक्षरन्‌अक्षर जुळणारी नावे असूनही फाइल सापडत नाही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत अशी अक्षरे सुटी करून साठवली जात असल्याने तेथून आलेल्या फाइलींतही हा भेद आढळतो. अशा वेळी नाव पुन्हा टंकू नये; शिफ्ट दाबून फाइलवर उजवी टिचकी मारावी, ‘कॉपी ॲज पाथ’ निवडावे आणि मिळालेला पत्ता, दोन्ही टोकांची अवतरणचिन्हे काढून, दुव्यात चिकटवावा.

श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत भरलेल्या जुन्या याद्यांत सेलमधील मजकूर मराठी दिसतो, पण त्यामागे रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. त्या सेलवरून सूत्राने दुवा बनवल्यास तो युनिकोड नावाच्या फाइलपर्यंत पोहोचू शकत नाही. यादीचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

संकेतस्थळांच्या पत्त्यांत देवनागरी अक्षरे टक्के-चिन्हांच्या संकेतांत लिहिली जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व प्रत्येक बाइटाला तीन अक्षरे लागतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दातील १० चिन्हे पत्त्यात ९० अक्षरे व्यापतात. मराठी शीर्षकाच्या पानाचा दुवा सूत्रात घालताना २५५ ची मर्यादा ओलांडली जाते ती यामुळेच. तो दुवा चौकटीतून घालावा.

संकेतस्थळावरील फाइली

लॉगिन आवश्यक असलेल्या संकेतस्थळावरील पीडीएफचा दुवा ब्राउझरमध्ये चिकटवल्यास उघडतो, पण एक्सेलमधून लॉगिनच्या पानावर नेतो. याचे कारण असे, की दुवा ब्राउझरकडे देण्यापूर्वी ऑफिस स्वतः त्या पत्त्याची चौकशी करते. त्या चौकशीसोबत ब्राउझरमधील लॉगिनची ओळख जात नाही; सर्व्हर तिला लॉगिनच्या पानाकडे वळवतो आणि ऑफिस तोच वळवलेला पत्ता ब्राउझरला देते. रजिस्ट्रीत ‘फोर्सशेलएक्झिक्यूट’ ही नोंद करून पत्ता थेट ब्राउझरकडे पाठवता येतो. पत्ता नकलून ब्राउझरमध्ये टाकणे हा तात्पुरता मार्ग आहे.

इतर आज्ञावली

गूगल शीट्समध्ये संगणकावरील फाइलचा दुवा चालत नाही. तेथील हायपरलिंक फंक्शन ठरावीक प्रकारचे पत्तेच स्वीकारते आणि इतर पत्ते दिल्यास सेलमध्ये केवळ नाव दिसते, दुवा होत नाही. शिवाय संकेतस्थळाच्या पानावरून स्थानिक फाइल उघडण्यास ब्राउझरही सुरक्षेच्या कारणास्तव मज्जाव करतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एक्सेललाही हेच लागू होते. त्यामुळे सामाईक वापराच्या यादीतील फाइली आधी ऑनलाइन साठवणीत ठेवून त्यांचे पत्ते द्यावे लागतात.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये दुवा उघडण्यासाठी मूळ रचनेनुसार कंट्रोल कळ दाबून टिचकी मारावी लागते. एक्सेलची सवय असलेल्यांना म्हणून दुवे बंद असल्याचा भास होतो. लिनक्सवर फाइलप्रकार एमआयएमई नोंदीवरून ठरतो, आणि नावांत इंग्रजी मोठ्या व लहान अक्षरांचा भेद मानला जातो. विंडोजवर तयार झालेल्या यादीत विस्तारनाम लहान अक्षरांत आणि फाइलवर मोठ्या अक्षरांत असेल, तर विंडोजवर चालणारा दुवा लिनक्सवर चालत नाही. मॅकवरील एक्सेल २०१६ आणि त्यापुढील आवृत्त्या मर्यादित कक्षात चालतात. फोल्डरच्या वापराची परवानगी मागणारी चौकट आल्यास ती द्यावी लागते, अन्यथा फाइल समोर असूनही एक्सेल तिला पोहोचू शकत नाही.